मोडलेली भागीदारी, चालू नाव आणि टी-शर्टाचा धंदा

अलिबाग, मुरुड, म्हसळा किंवा श्रीवर्धनच्या बाजारात फेरफटका मारला, तर दुकानाबाहेर टांगलेल्या टी-शर्टांवर काही परदेशी नावे वारंवार दिसतात. कोठे दोन पिस्तुले आणि गुलाबाची फुले, कोठे गरुड आणि त्याच्याभोवती गोलाकार अक्षरे. अंगात घालणाऱ्या मुलाला विचारावे की हे कोण, तर उत्तर मिळते, "ठाऊक नाही चाचा, डिझाइन चांगले आहे." ही नावे इंग्रजी गाणाऱ्या बँडांची आहेत. आपल्याकडे बँड म्हटले की वरातीचा बँड किंवा खालू बाजा डोळ्यांपुढे येतो. तिकडे चार-पाच जण मिळून गिटार, ड्रम वाजवतात, स्वतःची गाणी रचतात आणि त्यावर रोजीरोटी चालवतात, त्याला बँड म्हणतात.

गाणेबजावणे योग्य की अयोग्य, हा या पानाचा विषय नव्हे. आम्ही कापडवाले, आम्ही हिशेबाच्या बाजूने पाहतो. आणि हिशेबाच्या बाजूने पाहिले तर बँड ही सरळसरळ भागीदारीची पेढी आहे. भांडवल कमी, मेहनत जास्त आणि सगळी किंमत नावात. या धंद्यात एक विशेष प्रकार आढळतो. भागीदार भांडून वेगळे होतात, दहा-वीस वर्षे एकमेकांचे तोंड पाहत नाहीत आणि मग एके दिवशी जुन्या पाटीखाली पुन्हा उभे राहून देशोदेशी दौरा काढतात. तिकिटे खपतात, टी-शर्ट खपतात. पहिल्या डावात मिळाली नव्हती तेवढी रक्कम कधीकधी दुसऱ्या डावात हाती येते. हे कसे घडते आणि ती रक्कम कोणाच्या गल्ल्यात जाते, हे आपल्या व्यापारी बांधवांनी समजून घ्यावे असे आम्हास वाटते. मोडलेल्या भागीदाऱ्या आपल्या किनाऱ्यावरही कमी नाहीत.

कापडाच्या दुकानात जन्मलेला बँड

या प्रकाराची सर्वांत गाजलेली मिसाल लंडनची आहे, आणि तिची सुरुवात कपड्याच्या दुकानात झाली, म्हणून ती आपल्या जवळची. किंग्ज रोडवर ४३० क्रमांकाचे एक लहानसे दुकान होते. १९७१ पासून माल्कम मॅक्लेरन आणि विव्हियन वेस्टवुड हे दोघे ते चालवीत. वेस्टवुड बाई पूर्वी शाळेत शिकवीत. कपडे बेतणे-शिवणे त्या स्वतः करीत. दुकानाची पाटी दर दोन-तीन वर्षांनी बदलत असे आणि पाटीबरोबर मालही. १९७५ च्या सुमारास दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांना हाताशी धरून मॅक्लेरनने एक बँड उभा केला. बँडचे नाव दुकानाच्या त्या वेळच्या पाटीवरून घेतले, म्हणजे बँड गाजला की दुकान आपोआप गाजेल. नाव होते 'सेक्स पिस्टल्स'. हे नाव या पानावर लिहिताना लेखणी अडखळते, म्हणून पुढे आम्ही नुसते 'पिस्टल्स' म्हणू. त्यातला ग्लेन मॅटलॉक हा तर शनिवारी त्याच दुकानात काउंटरवर उभा राहणारा मुलगा.

त्या काळी इंग्लंडमध्ये बेकारी वाढत होती. कामधंदा नसलेल्या तरुणांना मोठ्या कलावंतांचे लांबलचक, सजवलेले संगीत परके वाटत होते. त्यातून पंक रॉक नावाचा प्रकार निघाला. गाणी दोन-तीन मिनिटांची, वाद्ये मोजकी, आवाज कर्कश आणि भाषा शिवराळ. पोशाखही तसाच. सदरा फाडायचा आणि सेफ्टी पिनांनी जोडायचा, शिवण बाहेर ठेवायची, बाह्या हातापेक्षा लांब सोडायच्या. विरळ विणीच्या सुती मस्लिनचे जे सदरे या दुकानात शिवले गेले ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जपून ठेवले आहेत.

यातली एक गोष्ट कापड धंद्यातल्या माणसाला विचार करायला लावील. या दुकानातला एक प्रसिद्ध शर्ट नव्या कापडाचा नव्हताच. १९६० च्या दशकात तयार होऊन न खपलेले, गोदामात पडून राहिलेले शर्ट त्यांनी उचलले, त्यांवर रंगाचे पट्टे ओढले, ठसे आणि अक्षरे उमटवली, चिंध्यांचे तुकडे जोडले आणि नव्या भावाने विकले. आपल्याकडे असा माल फेंट म्हणून, नाहीतर वजनावर जातो. मेलेल्या मालात जीव घालण्याची ही अक्कल आम्ही तरी दुसरीकडे पाहिली नाही. फाटका कपडा जाणूनबुजून घालावा हे मात्र आजही आमच्या पचनी पडत नाही.

बँड जेमतेम अडीच वर्षे टिकला. १९७७ मध्ये मॅटलॉकला बाहेर जावे लागले आणि त्याच्या जागी सिड व्हिशस नावाचा मुलगा आला. चाली बसवण्याचे बरेचसे काम मॅटलॉकचे होते. नव्या मुलाला वाद्यही नीट येत नव्हते. जानेवारी १९७८ मध्ये अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या कार्यक्रमानंतर पेढी मोडली. सिड फेब्रुवारी १९७९ मध्ये अमली पदार्थाने गेला, वय अवघे २१. नाव आणि पैसा व्यवस्थापक मॅक्लेरनच्या कंपनीच्या हाती राहिला. गायक जॉन लायडन न्यायालयात गेला. आठ वर्षांनी, १९८६ मध्ये, तडजोड झाली आणि नाव, गाणी व त्यांचे उत्पन्न बँडमधल्या लोकांच्या आणि सिडच्या वारसांच्या ताब्यात आले. पुढचे सारे या तडजोडीमुळे शक्य झाले, हे ध्यानात ठेवावे.

१९९६ मध्ये, अठरा वर्षांच्या खंडानंतर, पिस्टल्स पुन्हा एकत्र आले. जागा रिकामी होती तेथे बाहेरचा माणूस न घेता मॅटलॉकलाच परत बोलावले. म्हणजे जो काम जाणत होता तोच जुना भागीदार. जूनमध्ये फिनलंडपासून दौरा निघाला, लंडनच्या फिन्सबरी पार्कमध्ये मोठा कार्यक्रम झाला, मग युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, जपान असे करत डिसेंबरात दक्षिण अमेरिकेत संपला. दौऱ्याला त्यांनी जे नाव दिले त्याचा अर्थ होतो 'गलिच्छ पैसा'. आम्हांला एकमेकांचे प्रेम आलेले नाही, आम्ही पैशासाठी आलो आहोत, असे त्यांनी पत्रकारांना उघड सांगितले. पुष्कळांनी नाके मुरडली. आम्हास ही कबुली आवडली. गिऱ्हाइकाला खोटे सांगून माल गळ्यात मारण्यापेक्षा हे बरे.

बाजारातल्या गरुडाचेही येथेच सांगून टाकतो. तो न्यूयॉर्कच्या रामोन्स या पंक बँडचा. १९७४ ते १९९६ अशी बावीस वर्षे ते वाजवीत राहिले. त्यांच्या तबकड्या फार खपल्या नाहीत, पण अर्तुरो वेगा नावाच्या त्यांच्या चित्रकार मित्राने अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या मुद्रेवरून केलेले ते चिन्ह टी-शर्टावर जगभर गेले. मूळचे चौघेही २०१४ पर्यंत मृत्यू पावले. आता पुन्हा एकत्र येणे नाही, दौरा नाही, तरी गरुड विकला जातोच आहे.

मुंबईची पेढी

आता घराजवळ येऊ. पंक म्हणावा असा आणि इतका गाजून, मोडून, परतलेला बँड आपल्या इलाख्यात झाल्याचे आम्हास ठाऊक नाही. पण रॉकमध्ये मुंबईची एक पेढी आहे. १९८४ मध्ये मुंबईत 'रॉक मशीन' नावाचा बँड निघाला. त्या काळी मुंबईचे बँड परदेशी गाण्यांची नक्कल वाजवीत, कारण श्रोत्यांची मागणीच ती होती. रॉक मशीनने स्वतःची इंग्रजी गाणी रचून कॅसेटी काढल्या. पहिली १९८८ मध्ये, दुसरी १९९० मध्ये. धोबी तलावाजवळचे रंगभवन हे त्या वेळी अशा कार्यक्रमांचे ठिकाण. तेथे १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक नावाचा जलसा भरू लागला. क्रॉफर्ड मार्केट, मंगलदास मार्केटला माल भरायला गेलेल्या आमच्यासारख्यांना रंगभवनाबाहेर लांब केसांच्या पोरांच्या रांगा दिसत. हे काय चालले आहे, याचा अर्थ तेव्हा कोण लावणार?

१९९३ मध्ये त्यांनी पाटी बदलली. 'रॉक मशीन' काढून 'इंडस क्रीड' लावले. इंडस म्हणजे आपली सिंधू नदी. चालत्या दुकानाची नऊ वर्षांची पाटी उतरवणे ही जोखीम असते, हे वाचकांना सांगायला नको. त्याच वर्षी 'प्रिटी चाइल्ड' या त्यांच्या गाण्याच्या चित्रफितीला एमटीव्हीचा आशियातील प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला. १९९५ मध्ये नव्या नावाने कॅसेट आली. आणि १९९७ मध्ये दुकान बंद!

पुरस्कार मिळालेला, देशभर नाव झालेला बँड बंद का पडावा? आमच्या समजुतीने कारण बाजाराचे आहे. केबल टीव्ही आला आणि लोकांना वाटले की आता इंग्रजी गाण्याचे दिवस आले. प्रत्यक्षात त्याच केबलवर हिंदी पॉप आणि सिनेमाची गाणी स्वार झाली. १९९५ मध्ये 'मेड इन इंडिया' निघाल्यावर कंपन्यांना कोणता माल हवा हे स्पष्ट झाले. इंग्रजी रॉकचे गिऱ्हाईक मुंबई, दिल्ली, बंगळूर, कोलकाता, ईशान्येकडची राज्ये आणि कॉलेजांचे महोत्सव एवढेच राहिले. माल उत्तम, पण पेठ लहान. गायक उदय बेनेगल न्यूयॉर्कला गेले, बाकीचे आपापल्या वाटेने गेले.

तेरा वर्षांनी, २०१० मध्ये, इंडस क्रीड परत आला. जुन्यांपैकी उदय बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर आणि कीबोर्ड वाजवणारे झुबिन बालापोरिया हे तिघे. त्यांच्या जोडीला रुशद मिस्त्री आणि जय राव कवी हे दोन नवे वादक. नाव त्यांनी शेवटचेच ठेवले, पहिले नाही. आणि नुसती जुनी गाणी वाजवून तिकिटे कापली नाहीत. २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' नावाचा नवा संग्रह काढला. पाटी जुनी, माल नवा. पिस्टल्सनी १९९६ मध्ये नवा माल आणलाच नव्हता, जुन्याच गाण्यांवर दौरा केला. दोन्ही पद्धतींत फरक आहे, आणि आम्ही मुंबईच्या पद्धतीला वरचा नंबर देऊ. इंग्लंडवाल्यांची रक्कम मोठी होती हे खरे. पण ज्या पेढीकडे नवा ठाण येत नाही, तिचे जुने गिऱ्हाईक एकदा येते, आठवणी काढते आणि जाते.

तेरा वर्षांत पेठही बदलली होती. पुण्यात २०१० मध्येच एनएच सेव्हन वीकेंडर हा मोठा महोत्सव सुरू झाला होता. तिकीट काढून स्वतःची गाणी ऐकणारे गिऱ्हाईक तयार झाले होते. रंगभवन मात्र शांतता क्षेत्राच्या नियमात सापडून अशा कार्यक्रमांना बंद झाले. इंडिपेंडन्स रॉकसुद्धा काही वर्षे खंडित होऊन २०२२ मध्ये माझगावच्या बंदर भागात पुन्हा भरला. तेथून भाऊचा धक्का जवळ, आणि भाऊच्या धक्क्यावरून २०२० पासून मांडव्याची रो-रो सुटते. मुंबईचा जलसा आता रायगडच्या तरुणाला एका फेरीच्या अंतरावर आहे.

पिस्तूल-गुलाबवाल्या टी-शर्टाचा हिशेब याहून मौजेचा. गन्स अँड रोझेस हा अमेरिकेचा बँड. १९९० च्या दशकात नावाचा हक्क गायक अ‍ॅक्सल रोझकडे गेला आणि स्लॅश व डफ मकेगन हे मुख्य वादक निघून गेले. डफ हा मुळात पंक बँडांतून आलेला. डिसेंबर २०१२ मध्ये हा बँड मुंबईला आला तेव्हा पाटी खरी होती, पण स्लॅश आणि डफ दोघेही नव्हते. २०१६ मध्ये हे दोघे परतले. 'या जन्मात तरी नाही' अशा अर्थाचे नाव दिलेल्या त्यांच्या दौऱ्याने २०१९ पर्यंत ५८ कोटी डॉलरांहून अधिक तिकीटविक्री केली. १७ मे २०२५ रोजी तेच तिघे मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर उभे राहिले. एकच नाव एकाच शहरात दोनदा आले, एकदा हक्काने आणि एकदा माणसांसह. नाव कोणाचे, याचा निकाल कागद लावतो. त्या नावाची किंमत किती, याचा निकाल गिऱ्हाईक लावते.

आपल्या पाट्या

हे सर्व आम्ही एवढ्या विस्ताराने का लिहिले? श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड, महाड या पट्ट्यात किती दुकाने दोन भावांनी, दोन चुलत्यांनी किंवा दोन दोस्तांनी मिळून काढली, ते आठवून पाहा. एक जण कुवेत, कतार किंवा दुबईला गेला, दुसरा गल्ल्यावर बसला. पंधरा-वीस वर्षांनी पहिला परत येतो आणि म्हणतो, पाटीवर माझेही नाव होते. दस्तऐवज काहीच नाही, सगळी शराकत तोंडी. आमच्याच ओळखीच्या एका कापड दुकानात हे घडले. भांडण कपाटातल्या मालावर नव्हते, तो तर मोजून वाटता येतो. भांडण पाटीवर होते, कारण आसपासची वीस गावे लग्नाचा बस्ता त्या नावावर बांधायला येत होती.

भारतीय भागीदारी कायदा १९३२ चा आहे. त्यात नावाची पत, ज्याला व्यापारी गुडविल म्हणतात, ही पेढीची मालमत्ता मानली आहे. पेढी मोडताना तिचाही हिशेब करावा लागतो. बाहेर पडलेला भागीदार वेगळा करार नसेल तर त्याच धंद्यात स्वतंत्र दुकान काढू शकतो, पण पेढीचे नाव वापरू शकत नाही. रोजच्या कारभारातले मतभेद बहुमताने मिटवता येतात. धंद्याचे स्वरूप बदलायचे तर सर्वांची संमती लागते. भागीदार मृत्यू पावला की, करारात वेगळे लिहिले नसेल तर, पेढी संपते. आणि हिशेब न करता त्याचा वाटा तसाच धंद्यात वापरत राहिले, तर त्याच्या वारसांना त्या वाट्यावरचा नफा किंवा सालीना सहा टक्के व्याज, दोन्हींपैकी एक मागता येते. आपले वाचक यातला कोणता पर्याय घेतील हे सांगण्याची गरज नाही. पण विधवा आणि मुलींना हा पर्याय आहे हे त्यांना सांगतो कोण? पेढीची नोंदणी नसेल तर भागीदाराला आपल्या हक्कासाठी दावा लावणेही कठीण होते.

पिस्टल्सनी येथे शहाणपण केले होते. दुसऱ्या डावानंतर, १९९८ मध्ये, त्यांनी लेखी करार केला की निर्णय बहुमताने होतील. २०२१ मध्ये त्यांच्या जीवनावरच्या दूरचित्रवाणी मालिकेत गाणी द्यायची की नाही यावर पुन्हा फाटले. लायडन विरोधात, बाकीचे आणि सिडचे वारस बाजूने. लंडनच्या उच्च न्यायालयाने करार वाचला आणि बहुमताच्या बाजूने निकाल दिला. चाळीस वर्षांपूर्वी मेलेल्या मुलाच्या वारसांचा कौल तेथे धरला गेला! पुढे २०२४ मध्ये उरलेल्या तिघांनी फ्रँक कार्टर नावाचा नवा गायक घेऊन कार्यक्रम सुरू केले. मात्र जाहिरातीवर त्याचे नाव स्पष्ट छापले. जुना गायक आहे असा भास करून तिकीट विकले नाही.

टी-शर्टाकडे वळून थांबतो. होजिअरीचा साधा टी-शर्ट तिरुपूरहून घाऊक भावात दीडशे-दोनशे रुपयांना पडतो. त्यावर परवानगीने बँडचे नाव छापले की तोच कितीतरी पट भावाने विकला जातो. ही जी वाढ आहे ती नावाची, आणि त्यातला हिस्सा नावाच्या मालकाला जातो. आपल्याकडचे काही छपाईवाले हेच नाव विनापरवाना छापतात आणि किरकोळ दुकानदार डोळे मिटून टांगतात. ट्रेडमार्क कायद्याखाली खोटी नाममुद्रा छापणारा आणि असा माल विकणारा, दोघांनाही सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. मोठ्या कंपन्यांचे वकील आधी किरकोळ दुकानदाराकडे येतात, कारण माल त्याच्या दारात लटकलेला असतो.

काशीद, नागाव, मुरुडला येणाऱ्या पर्यटकाला त्या परदेशी गरुडाची गरज नाही. जंजिऱ्याचा बुरूज, शिडाची होडी, सुपारीची बाग ही चित्रे कोणाच्या मालकीची नाहीत. गावातल्या चित्रकाराकडून ती काढून घ्यावी, त्याची मेहनत चुकती करून हक्क लेखी घ्यावा आणि स्वतःच्या पाटीचे नाव खाली छापावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर जीएसटी ५ टक्के आणि त्यावरच्या किमतीला १८ टक्के आहे. किनाऱ्यावर खपणारा माल सगळा पहिल्या रकान्यात बसतो. छपाईसाठी १८० जीएसएमचे कापड घ्यावे. त्याहून हलके घेतले तर दुसऱ्या धुण्यात बुरूज वाकडा होतो आणि गिऱ्हाईक तक्रार घेऊन येते.